दुसऱ्या भागाची चोरी

बाहत्तरचा दुष्काळ सरून पाऊसपाणी बरं झालं, तेव्हा आमच्या वाचनालयात पुस्तकांचा दुष्काळ पडला. सात रस्त्याजवळच्या त्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. म्हणजे पुस्तकं देणं, घेणं, पुसणं आणि कार्यकारिणीची बोलणी खाणं, एवढी कामं माझ्याकडे होती. त्या वर्षी कपाटं तपासली, तर बरीच पुस्तकं जागेवर नव्हती.

कार्यकारिणी पेटून उठली. चहा-भज्यांवर दीर्घ चर्चा होऊन कपाटांना जाळी लागली, शब्दकोशाला साखळी लागली आणि दारात वाचकांच्या पिशव्या तपासायचं ठरलं. हे काम उपाध्यक्षांनी आपणहून अंगावर घेतलं. कापडाचं दुकान मुलांच्या हाती दिलेलं, त्यामुळे त्यांच्याकडे समाजसेवेला वेळच वेळ होता. पिशव्या ते माणूस बघून तपासत. वकिलाची बॅग आली की नमस्कार, गिरणी कामगाराची पिशवी आली की कोपरापर्यंत हात आत. पुस्तक एकदाही सापडलं नाही. शेंगाचटणी सापडायची, ती ते चिमूटभर चाखूनही बघत. चटणीत कादंबरी लपवता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पदाधिकाऱ्यांच्या पिशव्या अर्थातच तपासत नसत. त्यांनी नेलेल्या पुस्तकांची नोंदही करायची नाही, अशी जुनी प्रथा होती. ‘घरचंच वाचनालय आहे’ म्हणत ते हवं ते काखोटीला मारून जात. मी एकदा नोंदीचं विचारून पाहिलं. “बाई, आम्ही काय चोर आहोत?” असा सवाल आला. पगार तेच देत होते, म्हणून मी नोंदवही मिटून ठेवली.

शहराजवळच्या कुंभारी गावाहून एक गिरणी कामगार सायकलवर यायचे. पन्नाशीचे होते, मी त्यांना मामा म्हणायची. पाळी सुटली की पुस्तक न्यायचे आणि संध्याकाळी गावात मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. ऐकायला अर्धी आळी गोळा व्हायची. एकदा त्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नेली. तिचा पहिला भाग संपला तो किल्ल्याला वेढा पडलेला असताना, आणि दुसरा भाग कपाटातून गायब! “बाई, लोकं लई मागं लागल्यात. किल्ला पडतो का ऱ्हातो, एवढं तरी कळू द्या की,” म्हणत ते जाता-येता खिडकीशी थांबू लागले.

हे उपाध्यक्षांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बसल्या जागी चोरीचा छडा लावला. “हा माणूस सारखा दुसरा भागच का मागतो? त्यानंच नेला असणार. चोराच्या उलट्या बोंबा!” पहिला भाग वाचलेल्या माणसानं दुसरा मागावा यात नवल काय, हा प्रश्न सभेत कुणालाही पडला नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि मामांचं कार्ड भरल्या वाचनालयात काढून घेतलं. “म्या न्हाय हो नेलं,” एवढंच ते म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तो गिळून मी पुस्तकं पुसत राहिले.

पुढं उपाध्यक्षांचे वडील वारले. तेही एके काळचे पदाधिकारी. त्यांचा ग्रंथसंग्रह मुलानं वाचनालयाला दान केला. प्रत्येक पुस्तकाला नवं कव्हर, त्यावर वडिलांचं नाव. समारंभ झाला, उपाध्यक्षांच्या अंगावर सत्काराची चादर पडली, हातात नारळ आला. पुस्तकचोरांना समाजानं क्षमा करू नये, असं ते भाषणात कळवळून म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी ती पुस्तकं नोंदवायला घेतली. आतल्या पहिल्याच पानावर आमच्या वाचनालयाचा शिक्का! एका नाही, बहुतेक सगळ्या पुस्तकांवर. त्या घरात कुणी एखादं पुस्तक उघडलं असतं तर दिसला असता. त्याच ढिगात तो दुसरा भागही होता.

कार्यकारिणीनं याला ‘अनवधान’ असं नाव दिलं आणि दानाबद्दलचे आभार कायम ठेवले. मामांच्या कार्डाचं काय, असं मी विचारलं. ठराव मागं घ्यायला सर्वसाधारण सभा लागते, असं नियमावलीत निघालं. कार्ड काढून घेताना ती कुणी उघडली नव्हती.

मग मी दुसरा भाग काखोटीला मारला, पदाधिकाऱ्यांच्या प्रथेप्रमाणे नोंद न करता, आणि एस.टी.नं कुंभारी गाठली. मामा घरीच होते. त्यांनी चहा पाजला. चोर कोण निघालं, ते मी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कव्हरावरून हात फिरवला आणि न उघडताच माझ्यापुढं सरकवलं.

“नको बाई. लोकं ऐकंनात, म्हणून पुढचं मीच रचून सांगितलं. किल्ला राखला म्या. समदी खूश झाली. आता ह्यात पडला आसंल तर?”

“पडला तर पडला. खरं काय ते कळेल की सगळ्यांना.”

“शहरात तुमी मला चोर केलासा,” मामा म्हणाले. “आता गावात लबाड बी होऊ व्हय?”