तगरीवरचे निळे डोळे

पिंपळगाव रेणुकाईत घराला लागूनच माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. कपाशीवरची कुठलीही अळी दाखवा, मी लगेच बाटली काढतो. अशा माणसाच्या दारातली तगर एका अळीनं आठ दिवसांत बोडकी केली. गिऱ्हाइकं आधी तगर बघायची, मग माझ्याकडं.

अळी बोटाएवढी जाड, पोपटी, शेपटाकडं पिवळं शिंग. डिवचलं की मान आत ओढायची आणि दोन मोठे निळे डोळे वटारायची. ते डोळे नव्हेत, नुसते ठिपके, असं मी आईला सांगून पाहिलं. नवरात्रात घटाच्या माळेला तिला याच तगरीची फुलं लागतात, तेव्हा फवार म्हणून तीच मागं लागेल असं वाटलं होतं. पण घट बसायच्या आधी महिनाभर रेणुकाई स्वतः अळीच्या रूपात बघायला आली, असं तिनं ठरवून टाकलं. फांदीवरच्या एका पानाला हळदकुंकू लागलं. अळीनं तेवढं पान सोडून बाकीची खाल्ली.

एका सकाळी अळी गायब. "तू फवारलं ना?" आईनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. माझी भाकरी बायको वाढू लागली. आई बोलत नाही म्हणून पन्नाशीतही रडू येतं, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी गुडघे टेकून तगरीखालचा पाचोळा उपसला. धाग्यांनी जोडलेल्या दोन पानांत तपकिरी कोष सापडला. तो मातीच्या बरणीत ठेवून वर आईच्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. येता-जाता ती बरणीकडं बघायची, माझ्याकडं नाही.

दोनेक आठवड्यांनी चिंधीला आतून एक पतंग चिकटलेला दिसला. हिरव्या पंखांवर पांढऱ्या-गुलाबी लाटा. निळे डोळे कुठंच नव्हते. आई बराच वेळ बघत राहिली. दिवेलागणीला मी चिंधी सोडली, तो जरा थरथरला आणि उडून गेला.

"तू मारलं न्हाई, बराबर हाय," आई म्हणाली. "पण त्या दिवशी गोठ्यामागं पंप भरून ठेवल्ता, ते?"

इतके दिवस मी निरपराध्याचं तोंड करून फिरत होतो.

"भरला होता," मी म्हणालो. "पण फवारायच्या आधीच ती झाडावरनं उतरली."

त्या संध्याकाळी आईनं स्वतः भाकरी वाढली. नवरात्रात मात्र माळेची फुलं मागायला नऊही दिवस मलाच गावभर पिटाळलं.