मंजूर नकाशातला रस्ता

ती भिंत अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लातूरहून निलंग्याकडे जाताना लागणाऱ्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत नवी वसाहत उभी राहिली होती. जाहिरातीत लिहिलं होतं, शाळा, बाजार, एसटी थांबा, सगळं पायी अंतरावर. ते खरंही होतं, फक्त ती वाट मागच्या जुन्या वस्तीतून जात होती. घरं भरली आणि रहिवाशांच्या समितीने त्या वाटेवर आडवी भिंत घातली.

एका सकाळी भिंतीला भगदाड दिसलं. बुजवलं, तर पुन्हा पडलं. समितीचे अध्यक्ष तक्रार घेऊन आले.

"साहेब, वस्तीतलीच पोरं आहेत. आज भिंत फोडली, उद्या घरं फोडतील."

पोरांची नावंही त्यांनीच दिली. ठाण्यात आणल्यावर त्यांतला एक माझ्यावरच उखडला.

"आमाला फोडायची असती तं दिवसाढवळ्या फोडली असती सायेब. बापजाद्याची वाट हाय. चोरून कशाला?"

"लई शहाणा हायस," जमादार म्हणाले. मला मात्र ते पटलं. खोटं बोलणारा आधी आपण घरीच होतो म्हणून सांगतो. हा तर भांडत होता.

पंचनाम्याला गेलो. विटा वस्तीच्या बाजूला पडल्या होत्या, म्हणजे घाव आतून बसले होते. तेवढ्यात एक बाई पदर सावरत त्याच भगदाडातून आत आली आणि आम्हाला पाहून थबकली.

"कुठं निघाल्या मावशी?"

"मॅडमकडं. त्यायच्या मालकाच्या अंगावरून वारं गेलंय, उठवून बसवाया लागतंय. पैले हायवेनं येत व्हते. ट्रकवाले अंगावर घालतेत, उशीरबी व्हायचा. मॅडम म्हनल्या, इकून ये, मी वाट करून ठेवते."

जमादारांनी मान खाली घातली.

मॅडम म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी काही लपवलं नाही.

"पहारीने मीच फोडली. पोरांना सोडा. मी जन्मभर नकाशे शिकवले आहेत. मंजूर नकाशात तिथे रस्ता आहे, मागवून बघा." मग आतल्या खाटेकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या, "माझं नाव तेवढं बाहेर येऊ देऊ नका. मला यांना घेऊन इथेच राहायचं आहे."

मी होकार दिला.

नकाशा मागवला. रस्ता होता. समितीची सभा बोलावली आणि नकाशा सर्वांसमोर मांडला. अध्यक्ष काही नमायला तयार नव्हते. "रस्ता असेल, पण चोर वस्तीतलेच ना?" मागून कोणी तरी हसलं. माझं डोकं फिरलं आणि मी मॅडमचं नाव घेतलं. तुमच्यातल्याच बाईने फोडली, म्हटलं. सभा गप्प झाली. ती शरम आहे असं मला वाटलं होतं.

भिंत पाडली गेली आणि माझं कौतुक झालं. मग पाण्याचा टँकर मॅडमच्या दारापुढून न थांबता जाऊ लागला. शेजारणी फाटकं लावून घेऊ लागल्या. पाडलेल्या भिंतीच्या विटा एका सकाळी त्यांच्या अंगणात येऊन पडल्या. तक्रार घ्यायला मी स्वतः गेलो.

"कुणाचं नाव सांगू?" त्या म्हणाल्या. "नावं सांगायचं काम तुमचं."

घर मिळेल त्या भावात विकून त्या नवऱ्याला घेऊन नांदेडला पुतण्याकडे गेल्या. निरोपाला वसाहतीतलं कोणी आलं नाही. वस्तीतल्या त्याच पोरांनी खाट उचलून टेम्पोत ठेवली.

पुढे मावशी बाजारात भेटल्या. मी विचारलं, आता रस्ता मोकळा आहे ना?

"हाय की. पन जाऊ कुनाकडं?"

तपासात खरं शोधलं की काम झालं, असं मी नोकरीभर मानत आलो. पोरांवरचा आळ जबाबांत आणि अहवालात पुसता आला असता, त्यासाठी सभेची गरज नव्हती. अध्यक्षांचं तोंड बंद करायची घाई मला झाली होती. त्या घाईची किंमत ज्या बाईने भरली, तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.