चर नाल्यापर्यंत

वागळे इस्टेटच्या मागे टेकडीच्या उतारावर आमचं घर. वरच्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी बारा महिने मातीतून झिरपत आमच्या मागच्या भिंतीला येऊन टेकायचं. आतल्या खोलीत, आईच्या उशाशी, बुरशी चढायची. आईला दमा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या ओलीत त्यांना ठेवू नका. ती कल्याणला मावशीकडे गेली. "भिंत सुकली की लगेच न्या मला," म्हणाली. "सख्ख्या बहिणीचं असलं तरी परक्याचं घर गं."

म्हणून चर खणायचा ठरला. भिंतीमागे चर, त्यात भोकं पाडलेला पाइप, वर खडी. पाणी भिंतीला पोचायच्या आधीच पाइपात उतरून बाजूने निघून जाणार. हे मी मोबाइलवर बघून शिकलेले.

बाबा वर्कशॉपमध्ये लेथवर असतात आणि मला आठवतं तेव्हापासून चळवळीची पत्रकं लिहितात. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यांनी पाइपाचं तोंड कुठे निघणार ते वाकून बघितलं. बरोबर खालच्या काकूंच्या दारात.

"हे तिच्या घरात जाईल."

"आत्तापण थोडं जातंच ना, बाबा."

"आत्ता जातं ते टेकडीचं. हे आपण पाठवलेलं असेल."

वरच्याने आपली घाण खालच्याच्या दारात सोडायची नाही, हे त्यांच्या पत्रकांतलं म्हणत मीही मोठी झालेले. काकूंच्या घराला वळसा घालून चर पार खालच्या नाल्यापर्यंत न्यायचा ठरलं. मध्ये कातळ होता. आम्हा दोघांना सुट्टी फक्त रविवारी.

पाइपात माती शिरू नये म्हणून त्याला कापड गुंडाळायचं होतं. बाबांनी माळ्यावरून मोर्च्यांचे जुने कापडी फलक काढले. गुंडाळले, खडी भरली, बादली ओतली. पाणी वरच तुंबलं. ऑइल पेंटच्या जाड अक्षरांतून थेंब खाली उतरेना. सगळी खडी उपसून पुन्हा पहिल्यापासून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "काय हो, तुमच्या घोषणा आता पाणीपण अडवायला लागल्या?" बाबा खूप हसले. तीही हसली, मग तिला खोकला लागला तो थांबेना, आणि फोन मावशीने घेतला.

भिंतीमागचा भाग पुरा झाला तेव्हा मी बाबांना म्हणाले, पाइप इथेच सोडू, आईला आणू, पुढचं सावकाश करू. ते खणत राहिले. मी आईला फोन लावला. ती माझी बाजू घेईल असं वाटलेलं.

"काकूंकडे जाईल ना गं ते घाण पाणी?"

"जाईल थोडे दिवस."

"मग पुरं करा. मी आहे इथे."

ती नव्हती. कातळ फुटायच्या आधीच कल्याणच्या एका दवाखान्यात ती वारली. तिला आम्ही घरी आणलं, पण आतल्या खोलीत नाही. भिंत ओलीच होती.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पुढच्याच रविवारी बाबा कुदळ घेऊन बाहेर पडले. मीही गेले. चर नाल्याला मिळाला, पाइपातून काळं पाणी धार धरून पडायला लागलं. काकूंच्या दारात एक थेंब गेला नाही. त्या चहा घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून पदर तोंडाला लावून परत गेल्या. आमची भिंत हळूहळू सुकली. बाबांनी तिला चुना मारला.

ते चुकले असं मी आजही लिहू शकत नाही. पण चुना मारून ते हात धूत होते तेव्हा मी म्हणाले, "भिंतीपाशी थांबलो असतो तर ती घरी आली असती."

"हो," बाबा म्हणाले.

ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायची पूर्ण तयारी करून आलेले. मी त्यांच्या हातावर पाणी ओतत उभी राहिले.