कुंडात आलेला पावणा

चिमणाबाईचा कुणावरही विश्वास नव्हता आणि ती ते लपवतही नसे. दूधवाला आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग चरवीत. कंडक्टरने गारगोटीचं तिकीट दिलं तर ते गारगोटीचंच आहे ना, हे शेजारच्या बाईला विचारून घ्यायची. शेजारची बाई हसली तर ही का हसली, म्हणून पुढचा सगळा प्रवास धुमसत बसायची. तिचा संशय जातपात मानत नसे, नातंगोतं तर मुळीच नाही. सख्ख्या दिराने बांध कोरला असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. दीर वारला, तेव्हा त्याच्या तेराव्याला जेवून येताना ती वाकडी वाट करून बांध बघून आली.

गावात महादेवाचं देऊळ आहे आणि देवळापुढे दगडी कुंड. कुंडातले चंदेरी मासे देवाचे. त्यांना कुणी खात नाही, सगळे चुरमुरे घालतात. ते चुरमुरे विकायला चिमणाबाई नवरा गेल्यापासून पायरीवर बुट्टी घेऊन बसे. पहाटे देऊळ झाडायचं, दिवसभर माशांवर आणि माणसांवर नजर ठेवायची. मासे तिला ओळखत होते असं ती म्हणायची, आणि माशांच्या बाबतीत तरी ते खरं असावं.

अशा बाईने जन्मात एकदाच संशय घेतला नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

गेल्या श्रावणातली गोष्ट. झुंजुमुंजू झालं होतं, सर नुकतीच थांबली होती. चिमणाबाई झाडायला निघाली, तर देवळाकडे जाणाऱ्या ओल्या वाटेवर एक मासा चालत होता. होय, चालत. काळा, लांबट, चपट्या डोक्याचा, अंगावर एक खवला नाही आणि तोंडाला ह्या मिशा. बाजूचे काटे चिखलात रोवायचा, अंगाला हिसका द्यायचा आणि वीतभर पुढे सरकायचा. ओढा पार मागे राहिलेला आणि तोंड सरळ देवळाकडे. दुसरं कुणी असतं तर तिने विचारलं असतं, पावणं कुठलं, हिकडं कशाला? या पावण्याला तिने काहीच विचारलं नाही. पाण्याबाहेर इतका वेळ जिवंत राहतो आणि देवाची वाट धरतो, म्हणजे हा साधा मासा नव्हे. तिचे डोळे भरून आले. तिने त्याला पदरात गुंडाळलं, कुंडाच्या कट्ट्यावरून वाकून पाण्यात सोडलं आणि हात जोडले. बोलली मात्र कुणाला नाही. कळलं असतं तर निम्मं गाव नारळ घेऊन आलं असतं आणि निम्मं तेल तापवून बसलं असतं, याची तिला खात्री होती.

तो मासा पुन्हा वर दिसला नाही. दिवाळीपासून मात्र चंदेरी मासे कमी व्हायला लागले.

चिमणाबाईचं डोकं फिरलं. आधी ती गुरवाच्या स्वयंपाकघरामागून उगीच नाक वर करून फिरली. मग शाळेच्या पोरांच्या दप्तरांकडे बघायला लागली. आणि एका बुधवारी तिला निसार दिसला. निसार बुधवारच्या बाजारात मासे विकायचा, त्याच्या बापानेही त्याच जागेवर बसून तेच केलं होतं. तो कुंडाच्या कडेला हात धूत होता. बस्स, तेवढं पुरलं. पहिल्यांदा सांगताना तिने निसारचे ओले हात बघितले होते. पुढच्या आठवड्यात हातात ओलं पोतं आलं. संक्रांतीला तिळगूळ वाटताना ते पोतं हलायलाही लागलं होतं. लबाडी म्हणावी, तर तीही नव्हती. तोवर तिने ते पोतं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

सरपंच धैर्यशीलने ठरवलं, महाशिवरात्रीआधी कुंड साफ होईल तेव्हा सगळ्यांसमक्ष मासे मोजायचे आणि निसारची बाजारातली जागा काढून घ्यायची. जागा गेली की नुसता एक बाजार जाणार नव्हता. देवाचे मासे चोरणारा, असं एकदा नाव झालं की आसपासच्या कुठल्या गावात त्याच्याकडून कोण मासा घेणार? निसार मुद्दाम येऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"मावशी, लहानपणी तुमच्या बुट्टीतलं चुरमुरं खाल्ल्यात मी. देवाचा मासा उचलीन व्हय?"

"माझ्या डोळ्यानं बघितलंय," चिमणाबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी मोटर लावून कुंडातलं पाणी उपसलं. देवाचे मासे, उरले होते तेवढे, पिंपात काढले. तळाचा गाळ उघडा पडला आणि तो गाळच हलला. चांगला हातभर लांब, दंडाएवढा जाड काळा मासा वळवळत वर आला. त्याच्या तोंडातून एक चंदेरी शेपूट बाहेर लोंबत होती.

चिमणाबाईने त्याला मिशांवरून ओळखलं.

तिची भाची अनुजा कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकते, सणाला आली होती. ती गाळात उतरली. "ह्यो विदेशी मांगूर हाय. ह्याला पाळायला बंदी हाय, तरी कोणतरी शेततळ्यात चोरून पाळतंय, तिथनं सुटला असणार. कल्ल्याजवळ ह्याला हवा घ्यायची जागा हाय, म्हणून पाण्याबाहेर जगतोय. ओल्या वाटंनं चालत बी जातोय."

"कुठला म्हणायचा ह्यो?" गुरवाने विचारलं.

"मूळचा आफ्रिकेचा. पण मिशावाली ही जात लई जुनी. लई मागं, आफ्रिका आन आपला मुलूख एकाच जमिनीत हुता, मग जमिनी सरकत लांब गेल्या. आपल्या ओढ्यातला शिंगाळा बी ह्याचा भाऊबंदच की. कुठनं कोण कुठं गेलं, त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडत्यात."

एरवी जमिनी सरकतात म्हटल्यावर चिमणाबाईने लगेच दिराचा बांध काढला असता. आज ती नुसती त्या मिशांकडे बघत राहिली.

"चालत येतोय, मानलं," धैर्यशील म्हणाला. "पर कमरंएवढा कट्टा चढून येतोय काय? कुणीतरी उचलून टाकल्याबिगर आत आला न्हाय. आन गावात मासं हाताळतंय कोण?"

सगळी तोंडं निसारकडे वळली. चोरी नाही तर ही करणी, पण माणूस तोच. चिमणाबाईने इतके महिने पेरलेलं असं सगळ्यांच्या तोंडावर उगवून आलं होतं, आणि तिला त्याची किळस आली. गुपचूप राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. तिने सवयीने गर्दीवरून नजर फिरवली. संशय घ्यायला एकसुद्धा माणूस उरला नव्हता.

"मी टाकला," ती म्हणाली. "चालत आलता. देवाकडं चाललाय, आसं वाटलं मला. पदरातनं आणला आन सोडला. निसारच्या हातात पोतं नव्हतं. नुसतं हात ओलं हुतं त्याचं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मावशी," धैर्यशील डोळे बारीक करून म्हणाला, "कुणी पढवलं तुम्हास्नी? काल पोतं हुतं, आज न्हाय. कुणाच्या सांगण्यावरनं बोलतायसा?"

"माझ्या डोळ्यानं बघितलंय रं!"

"त्येच परवा बी म्हणत हुतासा."

चिमणाबाई शपथा घ्यायला लागली. देवाची घेतली, मेलेल्या नवऱ्याची घेतली. प्रत्येक शपथेला लोकांची खात्री पटत चालली की म्हातारीच्या मागे कुणीतरी आहे. अनुजासुद्धा खालच्या आवाजात म्हणाली, "आत्ती, खरं सांग, कुणी दम दिला काय?" शेवटी चिमणाबाई सरळ कट्ट्यावर चढून आतल्या पायऱ्यांनी गाळात जाऊन बसली. निसारची जागा राहील असं म्हणेपर्यंत उठणार नाही, म्हणाली. ऊन वाढलं, लोकांना घरं आठवली. धैर्यशील वैतागून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या त्याची जागा. बाईनं डोकं उठवलं." आणि गर्दी पांगली. तिचं कुणालाच पटलं नव्हतं.

निसारने हात देऊन तिला वर काढलं. तिचं लुगडं चिखलाने जड झालं होतं.

"निसार, तू तरी खरं मानतोस न्हवं?"

"मानतो की, मावशी."

चिमणाबाईने त्याचं तोंड निरखून बघितलं, दूधवाल्याचं बघायची तसंच. तो मनापासून बोलतोय की म्हातारीची नुसती समजूत घालतोय, हे काही केल्या तिला कळेना.