मळखाऊ रंग

धुळ्याला चित्रकलेचं शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, आकाराच्या नादी लागू नका, मनात जे आहे त्याचा रंग शोधा. मग लग्न होऊन मी धरणगावला आले. जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला बोलावणं आलं, तर घरात कुणी नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले. ते पुढचं वर्ष काही उजाडेना.

उन्हाळ्यात आमच्याकडे जेवणं झाली की दारं-खिडक्या लावून सगळे आडवे होतात. मी मागच्या खोलीत, जिथे पूर्वी कापूस भरायचे, तिथे बसायचे. त्या बंद दुपारींचा रंग मला सापडत नव्हता. एकदा पिवळ्या मातीत काळा घातला, थोडा हिरवा घातला, आणि तो समोर आला. डबक्यातल्या पाण्यासारखा. अख्खा हार्डबोर्ड मी त्यानेच भरला आणि वरच्या कोपऱ्यात तेवढी केशरी रेघ ठेवली. बघताना माझाच श्वास कोंडला. चित्र जमलं होतं.

श्रावणात घरात कानबाई देवी बसायची म्हणजे त्याआधी घराला रंग लागलाच पाहिजे. भाऊबंद जमतात, भिंती जुन्या दिसून कसं चालेल? रंगारी आला तेव्हा माझा बोर्ड ओसरीत भिंतीला टेकवलेला होता. रंगाऱ्याला तो दुकानातला नमुना वाटला. कोणता रंग, असं त्याने विचारताच सासूबाईंनी बोर्डाकडे बोट केलं.

"हाऊच लाव बठ्ठा घरले."

हे चित्र आहे, मी म्हणाले. यात चित्र कुठंय, म्हणून दीर हसले. सासरे म्हणाले, मळखाऊ रंग आहे, पाच वर्षं बघायला नको. नवऱ्याने तर माझं कौतुकच केलं, चला, शिक्षण कामाला आलं म्हणाला. मला फार राग आला.

रंगारी हुशार निघाला. मला तीन दुपारी लागल्या होत्या, त्याने चहा निवायच्या आत अगदी तोच रंग कालवला. ओसरी झाली, माजघर झालं, आमची खोली झाली. केशरी रेघ तेवढी कुणालाच नको होती. पावसाळी हवेत भिंती वाळत नव्हत्या. जिथे वळावं तिथे तीच दुपार ओली उभी.

निदान मागची खोली तरी सोडा, असं सासूबाईंना सांगायला मी गेले. त्या कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू निवडत बसल्या होत्या. एवढे रंग असताना तुम्ही हाच का निवडला, हेही मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"लगीन व्हयनं तवयपासून मी हाऊच रंग देखस, माय. दुसरा कोठून वयखू?"

मागच्या खोलीचं माझं बोलणं तिथंच राहिलं. दुसरा रंग त्या ओळखणार तरी कुठून? हा रंग माझा एकटीचा आहे, असं मी समजत होते. मी सूप पुढे ओढलं आणि त्यांच्याजवळ खाली बसले.