मी एकदाही न चुकता चालवलेला प्रोग्राम

शनिवारी सकाळी कर्वेनगरच्या घरी माझं कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रामशी भांडण झालं.

जुन्या कॅसेटमधली खरखर काढायला ह्यांनी रिटायर झाल्यावर तो सी भाषेत लिहिला होता. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत... काळ्या खिडकीत एका ओळीत प्रोग्रामचं नाव, मग मूळ फाइल, मग नवी फाइल असं टाइप करायचं. माझ्या आईच्या सगळ्या कॅसेट मी अशाच साफ केल्या, आणि एकदाही चुकले नाही. आम्हाला शाळेत नन्सनी शिस्त लावली आहे!

हे जाऊन आता वर्ष होईल. परवा कपाटात ह्यांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट सापडली, निरोप समारंभातलं भाषण. खरखरीत शब्दच लागेनात. कॉम्प्युटरवर घेऊन फाइलला छान 'ह्यांचं भाषण' असं नाव दिलं, तर प्रोग्राम म्हणे, अशी फाइलच नाही! समोर दिसतेय आणि नाही?

वरच्या मजल्यावरची श्वेता आयटीत आहे, तिला बोलावलं.

"काकू, नावात दोन शब्दांमध्ये स्पेस आहे. त्याला ती दोन नावं वाटतायत. नाव कोट्समध्ये टाका, अवतरणचिन्हांत."

"एवढंही ह्यांना सुधारता आलं नाही?"

तिने ह्यांचा कोड उघडला. वाचता वाचता माझ्याकडे वळली.

"काकू, तुम्ही फाइली उलट्या द्यायचात का? आधी नवी, मग जुनी?"

"मुळीच नाही."

"मग काकांनी हे कुणासाठी लिहिलंय?"

फाइली उलट दिल्या की प्रोग्राम मुकाट्याने सरळ करून घेत होता. फाइलच्या नावामागचं टिंब-डब्ल्यूएव्हीचं शेपूट विसरलं तर लावून घेत होता... घरात तो चालवणारी मी एकटीच.

मी सोसायटीभर मिरवत होते आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. एका शब्दाने बोलले नाहीत.

कोडमध्ये खाली स्पेसचंही लिहायला घेतलं होतं... अर्धंच.

"पाच मिनिटांत पूर्ण करते, परत कंपाइल केलं की नवा प्रोग्राम तयार," श्वेता म्हणाली.

"हात लावायचा नाही." बिचारी दचकली. पण चालतोय तो ह्यांच्या हातचा आहे, दुसरा मला नको.

कोट्स टाकले. भाषण स्वच्छ निघालं. त्यात ह्यांनी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे आभार मानलेत, माझे सोडून. अर्थात!

श्वेता गेल्यावर मात्र रडू आवरलं नाही.

माझ्या इतक्या चुका ह्या माणसाने न बोलता पोटात घातल्या. त्याचं एक काम अर्धं राहिलं... तेवढे कोट्स आता मी टाकत जाईन.