कंदिलातलं डाळिंबी

माझे यजमान मार्तंडराव बुलढाण्यात फोटो काढत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. फोटो काळेपांढरे, कुणी सांगितलं तर त्यावर ते रंग भरून देत. गिऱ्हाइकाने रंग सांगितला की विचारत, "कोणत्या उजेडातला?" ही सवय त्यांना महादेवरावांमुळे लागली.

धामणगाव बढ्याचे हे महादेवराव बायकोचा फोटो घेऊन आले होते. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. माहेरच्या अंगणात काढलेला तेवढा एकच फोटो. लुगडं डाळिंबी करा, म्हणाले. ते लुगडं तिच्याबरोबरच गेलं होतं. ताडून पाहायला काही नव्हतं.

फोटो न्यायला त्यांच्या आई, मनकर्णाबाईही आल्या. पाहताच म्हणाल्या, "हे कोनाचं लुगडं? तिचं जांभळं होतं."

"डाळिंबी होतं, माय."

"मी घेतलं ना मोताळ्याच्या बजारात. तू तं तिकडं बैलं पाहात उभा होता."

महादेवराव हसले नाहीत. "मले तिचं एवढंच ध्यानात हाय. तेबी खोटं म्हनशीन?"

मार्तंडराव जरा घुटमळले. "वहिनींना दिवसा कधी नीट पाहिलंत?"

महादेवरावांनी मान खाली घातली. मोठ्या घरातली नवी सून. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने तिच्याकडे पाहायचं नाही. भेट कंदील लागल्यावरच.

"लोहाराचं लोखंड आधी लाल होतं," मार्तंडराव सांगू लागले, "आणखी तापलं की पिवळं, मग पांढरं. कंदिलाची ज्योत लालपिवळ्यावरच थांबते. सूर्य तिच्याहून कितीतरी तापलेला, म्हणून त्याच्या उजेडात निळाही भरपूर. कंदिलात तो नसल्यासारखाच. मग जांभळ्यातला निळा दिसणार कसा? लाल तेवढा उरतो. तुम्ही दोघंही खरं सांगताय."

ओल्या कापसाने त्यांनी डाळिंबी उतरवलं आणि जांभळं भरलं. महादेवरावांनी तोंड फिरवलं. "हे ती नोहे."

"दिवेलागणीपर्यंत थांबा."

मायलेकांचा मुक्काम आमच्याकडेच होता. संध्याकाळी मी खिडकी लावून कंदील आणला. जांभळं हळूहळू तांबूस झालं. महादेवरावांनी फोटो मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला. मग हात पुढे करून वात थोडी खाली केली. लुगडं आणखी लालसर दिसू लागलं.

"वात एवढीच राहे," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बरं. दिवसा मायी सून, दिवा लागला का तुयी बायको. आता ठेव अन् चाल जेवाले."